गर्भपाताला नवऱ्याची सही लागतेच का?

मुक्ता८८: मैत्रिणीला नववा आठवडा चालूय, दवाखान्यात म्हणाले नवऱ्याची सही आणा मगच बोलू. खरंच असा कायदा आहे का?

दगडू_वकील: नाहीये. १९७१ च्या एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात १८ पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवरा सासू कोणी नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे २४ पर्यंत दोघांचं, ते पण ठराविक कारणांसाठीच.

चहाबाज: आणि २००९ च्या सुचिता श्रीवास्तव केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालंय की मूल हवं की नको हे ठरवणं संविधानाच्या कलम २१ च्या वैयक्तिक स्वातंत्र्यात येतं, मग २०२२ ला कलम १४ (समानतेचं) पण धरलं आणि अविवाहित मुलींना २४ आठवड्यांची सवलत लागू केली

मुक्ता८८: मग एवढं असून डॉक्टर अडवतात का?

दगडू_वकील: कारण कायदा बाईला हक्क म्हणून लिहिलेलाच नाही ना, डॉक्टरवर गुन्हा लागू नये म्हणून दिलेली सूट आहे ती, मग ते घाबरून सह्या गोळा करत बसतात (२०२३ ला २६ आठवड्यांच्या बाईला कोर्टानेच नाही म्हटलं). सरकारी हॉस्पिटलात घेऊन जा तिला, याच आठवड्यात.