मूकी बेट्सला घालवलं, आता जॅरेन ड्युरॅनलाही घालवायचं?

उजवा_कोपरा (धागाकर्ता):

टोरंटोत यंदाच्या, म्हणजे 2025 च्या, वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये संपला तो मूकी बेट्सच्या हातून. टोरंटोच्या कर्कने मारलेला ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) त्याने शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागी, उचलला, धावत जाऊन सेकंड बेसवर पाय टेकवला आणि फर्स्टला चेंडू फेकला. डबल प्ले (एका चेंडूत दोघे बाद), लॉस एंजेलिसचे डॉजर्स विजेते. बॉस्टन सोडून तिथे गेल्यापासूनचं त्याचं हे तिसरं विजेतेपद: 2020, 2024, 2025. आपल्या बॉस्टन रेड सॉक्सची पाटी 2018 नंतर कोरीच आहे.

2018 चं आउटफिल्ड, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातले तिघे क्षेत्ररक्षक, आठवा. डावीकडे अँड्रू बेनिन्टेन्डी, मध्ये जॅकी ब्रॅडली ज्युनियर, उजवीकडे बेट्स. साखळीत 108 विजय. ह्यूस्टनविरुद्धच्या चौथ्या सामन्यातला बेनिन्टेन्डीचा तो झेप घेऊन पकडलेला शेवटचा झेल, त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ब्रॅडली, आणि .346 ची सरासरी, 32 होम रन, 30 चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) अशा वर्षावर लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) झालेला बेट्स. तिघेही क्लबने स्वतः निवडून वाढवलेले. फेब्रुवारी 2020 मध्ये बेट्स डॉजर्सकडे गेला, वर्षभराने बेनिन्टेन्डी कॅन्सस सिटीला, आणि त्याच सुमारास करार संपलेला ब्रॅडली मिलवॉकीला. जेमतेम तेरा महिन्यांत अख्खं आउटफिल्ड रिकामं.

हे आज उकरून काढायचं कारण असं की क्लबकडे पुन्हा एकदा चांगले आउटफिल्डर जमले आहेत. जागा तीन आणि माणसं चार: जॅरेन ड्युरॅन, सेडॅन राफाएला, विल्यर अब्रेऊ, रोमन अँथनी. लगेच 'एक जादा आहे, विका आणि पिचर (चेंडू टाकणारा) आणा' हा सूर लागला आहे, आणि नाव घेतलं जातंय ते ड्युरॅनचं. माझा याला ठाम विरोध आहे. या क्लबला आउटफिल्डरची खरी किंमत तो गेल्यावरच कळते.

हिशेबनीस:

भावना समजतात, पण बेट्सचा ट्रेड (क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) ज्या परिस्थितीत झाला ती बाजूला ठेवून चालणार नाही. 2018 आणि 2019 अशी सलग दोन वर्षं क्लब लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्चावरच्या कराच्या) मर्यादेपलीकडे होता. तिसऱ्या वर्षी मर्यादा 20.8 कोटी डॉलर होती. ती ओलांडली असती तर वरच्या प्रत्येक डॉलरवर 50 टक्के कर. एक वर्ष मर्यादेखाली राहिलं की दर पुन्हा 20 टक्क्यांवर येतो. त्यातच पिचर डेव्हिड प्राइसचा 21.7 कोटींचा करार मानेवर. बेट्सच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं, त्या वर्षाचा पगार 2.7 कोटी. 10 वर्षांचा 30 कोटींचा प्रस्ताव त्याने नाकारल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. तो हंगामाअखेर फुकटात गेला असता तर आज तुम्हीच वेगळा धागा काढला असता.

उजवा_कोपरा:

जो माणूस 'थांबणारच नव्हता', त्याने 22 जुलै 2020 ला डॉजर्सशी 12 वर्षांचा 36.5 कोटींचा करार केला, तोही त्यांच्याकडून एकही अधिकृत सामना खेळण्याआधी! थांबायची तयारी होती, योग्य रक्कम समोर यायला हवी होती. आणि मालक कोण, तर ज्यांच्याकडे लिव्हरपूल आहे आणि ज्यांनी पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग पेंग्विन्स हा हॉकी क्लब विकत घेतला. त्यांना एक राइट फिल्डर परवडत नव्हता हे मला कुणी सांगू नये.

हिशेबनीस:

जुलैमध्ये सही झाली तेव्हा जगभर कोविड होता, स्टेडियम रिकामी होती. येत्या हिवाळ्यात खेळाडूंना काय भाव मिळेल याची कुणालाच खात्री नव्हती. फेब्रुवारीत हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

ट्रेड करणं आणि ट्रेडमध्ये काय घेणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला मला पटतो. दुसरा मलाही पटलेला नाही. ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग हे आले. डाउन्सला 2022 च्या डिसेंबरात वेव्हर्सवर (दुसऱ्या कुणीही उचलावं म्हणून) सोडावं लागलं, व्हर्डुगो पुढच्या डिसेंबरात चक्क कट्टर प्रतिस्पर्धी यँकीजना दिला, उरला एक वाँग. शिवाय बेट्ससोबत गेलेल्या प्राइसचे उरलेले निम्मे पैसे, म्हणजे 4.8 कोटी, आपणच भरले. क्लबचा बेसबॉल कारभार पाहणाऱ्या चेम ब्लूमला नोकरीवर येऊन चारच महिने झाले होते आणि सगळ्या लीगला ठाऊक होतं की याला विकणं भाग आहे. अशा विक्रेत्याला भाव कोण देणार?

मेधा_क्विन्सी:

हिशेब कितीही मांडा, आपल्या फेनवे मैदानात उजव्या बाजूच्या बाकांवर बसून बेट्सला पाहिलेल्या माणसाला ते पटणार नाही. माझ्या मुलाच्या खोलीत 50 नंबरचा शर्ट अजून टांगलेला आहे. तो आता कॉलेजात आहे आणि बेसबॉल पाहत नाही. क्लबच्या वहीत हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहितात?

वूस्टरकर:

मेधाताई, त्या उजव्या बाजूबद्दलच लिहायला आलो होतो. बेसबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण अब्रेऊ की ड्युरॅन या वादाचं मूळ तिथेच आहे.

फेनवेची डावी बाजू आखूड आहे, अंतर कमी म्हणून 37 फुटी हिरवी भिंत. तिथे उभ्या असलेल्याला फार धावावं लागत नाही. भिंतीवरून चेंडू कसा उसळतो हे कळलं की झालं. मॅनी रामिरेझसारखा क्षेत्ररक्षणात कच्चा माणूसही तिथे खपून गेला. उजवीकडे उलट. पेस्की पोलपाशी (उजव्या सीमारेषेवरच्या खांबापाशी) कुंपण जेमतेम 302 फुटांवर, पण तिथून ते झपाट्याने मागे सरकतं आणि बुलपेनपाशी (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेपाशी) 380 फुटांवर जातं. वर संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत. इथे उभा राहणारा माणूस पायांनी सेंटर फिल्डर आणि खांद्याने राइट फिल्डर असावा लागतो. बेट्स तसा होता, आणि गंमत म्हणजे तो मुळात इन्फिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक)! 2011 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पाचव्या फेरीत घेतला, पण सेकंड बेसला पेड्रोया असल्यामुळे 2014 मध्ये त्याला आउटफिल्ड शिकवलं. पुढे सहा गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार). आता वयाच्या तेहतिसाव्या वर्षी डॉजर्सनी त्याला शॉर्टस्टॉप केलं. जागा नाही म्हणून गुणी खेळाडूला विकण्याऐवजी जागा शोधून द्यायची, हे आपल्याच क्लबने एकदा करून दाखवलेलं आहे.

अब्रेऊने उजवीकडे 2024 आणि 2025, सलग दोन गोल्ड ग्लव्ह घेतले. मध्ये राफाएलाने यंदा घेतला. या दोघांना हलवायचा प्रश्नच नाही. अँथनीला ऑगस्टमध्ये 8 वर्षांचा 13 कोटींचा करार दिलाय. म्हणजे ज्याच्या पायाखालची जागा हलते आहे तो ड्युरॅनच, आणि त्याला डावी बाजू सोडून दुसरीकडे ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा वेग त्या आखूड बाजूला वायाच जातो, हेही तितकंच खरं.

हिशेबनीस:

वूस्टरकर, तुमच्याच मुद्द्यावरून माझा मुद्दा सिद्ध होतो. वेग वाया जातो, मग ज्या मैदानाची डावी बाजू मोठी आहे त्या क्लबला ड्युरॅन आपल्यापेक्षा जास्त मोलाचा आहे. ट्रेड अशाच वेळी करायचा. शिवाय ड्युरॅन, अब्रेऊ, अँथनी तिघेही डावखुरे फलंदाज. समोर डावखुरा पिचर आला की अर्धी फळी अडखळते. आणि प्लेऑफमधल्या (साखळीनंतरच्या बाद फेरीतल्या) यँकीजविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात ॲरन जजचा तो खाली येणारा फटका कुणाच्या ग्लव्हला लागून सुटला आणि धाव गेली? 4-3 ने हरलो आपण तो सामना.

उजवा_कोपरा:

एका सुटलेल्या झेलावर माणूस मोजायचा? 2024 मध्ये 48 डबल (दोन बेसचे फटके), 14 ट्रिपल (तीन बेसचे), 21 होम रन, 34 चोरलेले बेस आणि ऑल-स्टार सामन्याचा एमव्हीपी, हे याच ड्युरॅनचं वर्ष. अजून तीन हंगाम तो क्लबच्या ताब्यात आहे. यंदा बॅट थोडी थंडावली म्हणून भाव उतरलेला असताना विकायला निघणं म्हणजे 2020 चीच पुनरावृत्ती.

हंटर रेन्फ्रोचं काय केलं तेही आठवा. 2021 मध्ये त्याने 31 होम रन मारले, राइट फिल्डमधून 16 धावपटू टिपले, क्लब 92 विजयांसह लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. डिसेंबरात त्यालाच मिलवॉकीला देऊन परत कोणाला आणलं, तर जॅकी ब्रॅडलीला, ज्याची त्या वर्षीची सरासरी .163 होती. सोबत दोन होतकरू पोरं. पुढच्या ऑगस्टपर्यंत ब्रॅडलीला सोडून दिलेलं, आणि क्लब तळाला. हेच मला भिववतं: आउटफिल्ड म्हणजे जणू सुटे पैसे, लागले की काढायचे.

पहाटेचा_प्रेक्षक (पुणे):

इथे बॉस्टनचे संध्याकाळचे सामने पहाटे पावणेपाचच्या सुमाराला सुरू होतात, चहाबरोबर पाहतो. लांबून पाहणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट दिसली ती सांगतो.

यँकीजविरुद्ध तिसरा, निर्णायक सामना. आपल्याकडून पिचर म्हणून कोण उतरला? कॉनेली अर्ली, सप्टेंबरमध्ये पदार्पण केलेला पोरगा. त्याचा दोष नाही, पोरगा हिमतीने उभा राहिला. पण पिचर जिओलिटो जखमी झाल्यावर क्लबकडे दुसरं कुणी उरलंच नव्हतं. समोर यँकीजच्या श्लिटलरने 12 जणांना स्ट्राइक-आउट केलं, 4-0. आणि पहिला सामना कुणी जिंकून दिला? गॅरेट क्रोशे. तो कसा मिळाला? शिकागोला चार होतकरू खेळाडू देऊन, त्यातला ब्रेडन माँटगोमेरी आउटफिल्डरच होता. तो गेला म्हणून आज कुणी रडतंय का? क्रोशेने यंदा 18 सामने जिंकले, 255 स्ट्राइक-आउट घेतले. आउटफिल्डर देऊन पिचर आणणं पाप नाही. कोणता देता आणि कोणता आणता एवढंच पाहायचं.

उजवा_कोपरा:

माँटगोमेरी आपल्याकडून एकही सामना खेळला नव्हता. ड्युरॅन दोन हंगाम फळीच्या सुरुवातीला उभा आहे. न उगवलेलं बी देणं आणि फळाला आलेलं झाड उपटून देणं, यात फरक नाही का?

आणि उलटं उदाहरणही याच वर्षातलं आहे. जूनमध्ये फलंदाज डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं, त्यात जेम्स टिब्ज हा आउटफिल्डर आला. दीड महिन्यात तो आणि झॅक एहर्ड, दोन आउटफिल्डर डॉजर्सना देऊन डस्टिन मे आणला, प्लेऑफसाठी पिचर हवा म्हणून. प्लेऑफ आले तेव्हा मे दुखापतीच्या यादीत होता. पिचरचा खांदा आणि कोपर यांवर केवढा विश्वास टाकायचा, तेही एकदा बोला.

पहाटेचा_प्रेक्षक (पुणे):

मे हा उसनवारीचा माणूस होता, दोन महिन्यांचा. मी तसल्या ट्रेडच्या बाजूने बोलतच नाही. क्रोशेला आणलं आणि लगेच 6 वर्षांचा 17 कोटींचा करार दिला, तसं व्हावं. ड्युरॅनच्या बदल्यात तीन-चार वर्षं हाताशी राहील असा सुरुवातीचा पिचर मिळत असेल तर मी आज रात्री सही करीन. तसा मिळत नसेल तर ड्युरॅन राहू दे, मला तो आवडतोच.

मेधा_क्विन्सी:

पण 'तसा मिळत नसेल तर राहू दे' हे क्लबला जमतं कुठे? 2020 मध्ये आधी मिनेसोटाला धरून तीन क्लबांचा सौदा ठरला होता. मिनेसोटाच्या पिचर ग्रॅटेरॉलच्या वैद्यकीय तपासणीवरून तो फिसकटला. तिथेच थांबायला चांगलं निमित्त मिळालं होतं! आठवडाही गेला नाही आणि दुसरी नावं घेऊन बेट्सला पाठवून दिलं. एकदा विकायचं मनात घेतलं की यांना हात आखडता घेता येत नाही. मला ड्युरॅनबद्दल हीच भीती आहे.

हिशेबनीस:

मेधाताई, हा मुद्दा मान्य. मात्र ब्लूमच्या नावाने सगळे बोटं मोडतात म्हणून एक नोंद करतो. आज आपण ज्यांना जपायचं म्हणतोय त्यातला अब्रेऊ त्यानेच 2022 मध्ये ह्यूस्टनला कॅचर व्हास्केझ देऊन आणला. तेव्हा चाहते केवढे चिडले होते! अँथनीला ड्राफ्टमध्ये घेतला तोही त्याच वर्षी, त्याच्याच काळात. ट्रेड कधीच करू नका म्हणणाऱ्यांनी राइट फिल्डकडे पाहावं, तिथे ट्रेडमधून आलेला माणूसच उभा आहे.

वूस्टरकर:

अब्रेऊबद्दल शंभर टक्के सहमत. त्याला नि अँथनीलाही मी इथे वूस्टरला ट्रिपल-एमध्ये (मुख्य लीगखालच्या पायरीवर) जवळून पाहिलंय, अब्रेऊच्या खांद्याची ताकद तिथेच दिसली होती.

पण चौघांना एकत्र ठेवता येतं. अँथनी डावीकडे, राफाएला मध्ये, अब्रेऊ उजवीकडे, ड्युरॅन डीएच (फक्त फलंदाजी करणारा). कुणाला विश्रांती लागली की ड्युरॅन मैदानात. यंदा सप्टेंबरात अँथनीचा बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि तो प्लेऑफला मुकला. तेव्हा चौथा आउटफिल्डर ही चैन नव्हती हे सगळ्यांना दिसलं. अडचण एकच, डीएचच्या जागेवर मासाताका योशिदा बसलाय. 2022 मध्ये 5 वर्षांचे 9 कोटी कबूल केले, ते 2027 पर्यंत चालणार. माझं म्हणणं, त्यातले निम्मे-अधिक पैसे क्लबने सोसावेत आणि योशिदाला दुसरीकडे जाऊ द्यावं. प्राइसच्या वेळी सोसलेच होते.

हिशेबनीस:

निम्मे सोसूनही योशिदाला घेणारा क्लब कोणता, नाव सांगा. मग पुढे बोलू.

उजवा_कोपरा:

पैसे किती सोसता त्यावर नावं ठरतील. तीन चतुर्थांश सोसा, डावखुऱ्या बॅटची गरज असलेले दोन-तीन क्लब तरी फोन उचलतील. बेट्सला राखण्यासाठी जे पैसे नव्हते ते आता ड्युरॅनला ठेवण्यासाठी काढा.