डिस्क इमेज म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद? जरा ऐकून घ्या

रात्रपाळी_नाशिक
‘जुना ट्रान्झिस्टर’ काकांनी काल दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, ‘घरच्या कॉम्प्युटरची डिस्क इमेज घेणं हा रिकामटेकड्यांचा छंद. फोटो आणि कागदपत्रं एक्स्टर्नल ड्राइव्हवर ओढा, विषय संपला. विंडोज काय, परत टाकता येतं.’ (डिस्क इमेज म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फाइली या सगळ्यासकट अख्ख्या डिस्कची घेतलेली प्रत.) खाली धडाधड अंगठे. मी गप्प बसणार होतो, पण हा सल्ला ऐकून कुणाचं तरी नुकसान होणार म्हणून लिहितोय.

माझी बहीण घरून तीन सोसायट्यांचे हिशेब आणि दहा-बारा जणांची रिटर्न बघते. २०२२ च्या जुलैत, रिटर्नच्या ३१ तारखेच्या मुदतीला चार दिवस उरले असताना तिची हार्ड डिस्क गेली. फाइली सगळ्या एक्स्टर्नलवर होत्या, एकही गेली नाही. तरी तीन दिवस गेले. विंडोज दीड तासात बसलं. पुढे डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर मिळेना, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या डिस्कवर अडकलं, प्रिंटर ओळख देईना, पासवर्ड ब्राउझरमध्येच राहिलेले. रात्री दोन वाजता ती जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून रडत होती. ते मी पाहिलंय.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इमेज. २०२४ मध्ये एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) गेली. नवी लावली, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू (बूट) केला, इमेज उतरवली. तासाभरात डेस्कटॉप जसाच्या तसा, कोपऱ्यातल्या स्टिकी नोटसकट. हा छंद नव्हे.

जुना_ट्रान्झिस्टर
माझं नाव घेतलंच आहे, तर सविस्तर सांगतो. इमेज मीही घेतली होती, २०२० मध्ये, विंडोजच्याच साधनाने. ड्राइव्हवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचं फोल्डर तयार झालं. घरात चार ड्राइव्ह, गोंधळ नको म्हणून मी त्या फोल्डरला ‘डिसेंबर बॅकअप’ असं नाव दिलं. पुढच्या वर्षी डिस्क गेली, रिकव्हरीत गेलो, तर म्हणे इमेज सापडत नाही! ड्राइव्ह समोर, दिवा लुकलुकतोय आणि सापडत नाही. मुलाने नाव पूर्ववत केलं, तर पुढचं रडगाणं: नवी डिस्क लहान आहे. जुनी १ टीबीची, त्यात भरलेलं जेमतेम १३० जीबी. नवी एसएसडी ५०० जीबीची. नाही म्हणजे नाहीच.

नातीच्या बारशाचे फोटो मी वेगळे ओढून ठेवले होते म्हणून वाचले. साधं कॉपी-पेस्ट कामी आलं, इमेज नाही. म्हणून तसं लिहिलं आणि आजही तेच म्हणेन. तुमची बहीण व्यवसाय करते. मी घरचं लिहिलं होतं.

रात्रपाळी_नाशिक
काका, त्या साधनाचे दोन्ही दोष खरे आहेत. फोल्डरचं नाव बदललं की त्याला इमेज दिसत नाही, आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ते उतरवत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये त्याला ‘यापुढे विकास नाही’च्या यादीत टाकून दुसरं साधन वापरा म्हणून सांगितलं. पण इमेजमधून फोटो निघालेच नसते, हे पटत नाही. त्या फोल्डरात व्हीएचडीएक्स फाइल असते, म्हणजे अख्खी डिस्क आत असलेली फाइल. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जायचं, ‘अटॅच व्हीएचडी’ निवडायचं, ‘रीड-ओन्ली’वर खूण करायची. वेगळी ड्राइव्ह दिसते, त्यातून हवी ती फाइल उचलायची. खूण मात्र विसरू नका, नाहीतर इमेजमध्येच नवं लिहिलं जातं.

दोष त्या साधनाचा. तुम्ही अख्ख्या पद्धतीलाच नावं ठेवलीत.

जुना_ट्रान्झिस्टर
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण मला सांगा, फोल्डरचं नाव बदललं की कोलमडणारी गोष्ट घरच्या माणसाच्या गळ्यात का मारायची?

दोन_मुलींची_आई
काकांच्या बाजूने. आमच्याकडे ‘हे’ क्लोनिंग करायचे, म्हणजे एक डिस्क दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवायचे. पेनड्राइव्हवरून त्यासाठीचं क्लोनझिला चालू केलं, डिस्कांची एसडीए आणि एसडीबी अशी दोन नावं आली, आणि उलटीकडून निवडलं. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढली. मोठीची पहिली चार वर्षं गेली. तिचं पहिलं पाऊल, बालवाडीचा पहिला दिवस. ज्या दुकानात डिस्क दिली त्यांनी दोन आठवड्यांनी ‘वर लिहिलं गेलंय, येणार नाही’ म्हणून परत दिली.

घरात हे करणारा माणूस एकच असतो. त्याचं चुकलं तर दुसरं कुणी अडवत नाही. फाइल ओढताना निदान दिसतं तरी, कुठून कुठे चाललीय ते. मी आता फोटो फोनवरून क्लाउडवर जाऊ देते आणि दर गुरुवारी ड्राइव्हवर ओढते. काम झालं की ड्राइव्ह काढून कपाटात. इमेजचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

रात्रपाळी_नाशिक
ताई, वाचून वाईट वाटलं. क्लोन आणि इमेज यांत हाच फरक: क्लोनमध्ये समोरची डिस्क पुसली जाते, इमेज म्हणजे ड्राइव्हवर पडलेली एक फाइल. घरी मी क्लोन करा म्हणणार नाही. करायचाच, तर मूळ डिस्क आणि जिच्यावर चढवायचं ती, या दोन सोडून बाकी सगळ्या आधी वायर काढून बाजूला ठेवायच्या.

पण नुसत्या ओढण्यालाही धोका आहेच. फाइल बिघडली आणि ते न कळता तीच जुन्यावर ओढली, तर चांगली प्रतही गेली. मी मागच्या तीन महिन्यांच्या इमेज ठेवतो, मागे जाता येतं.

फ्रीमाँटकर
मॅकवर हे भांडणच नाही. टाइम मशीन हे मॅकमधलंच बॅकअपचं साधन २००७ पासून आहे. ड्राइव्ह जोडा, ते तासातासाला आपलं आपण जुन्या प्रती ठेवतं. पुण्याला आईच्या मॅकवरही तेच लावून दिलंय.

दोन_मुलींची_आई
आणि ड्राइव्ह कायम जोडलेली? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद झाल्या होत्या.

फ्रीमाँटकर
तो विंडोजवर होता. पण मुद्दा मान्य. आईची ड्राइव्ह मी पुढच्या भेटीपर्यंत तशीच जोडलेली ठेवणार होतो, आज फोन करून काढायला सांगतो.

वाशिष्ठीकाठ
तुम्ही सगळे भांडताय ते एका कपाटातल्या ड्राइव्हवरून. माझ्याकडे इमेजही होती आणि ओढलेल्या फाइलीही, दोन वेगळ्या ड्राइव्हवर, नावाची पट्टी लावून. दोन्ही दुकानातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. कपाट उघडलं तेव्हा खणातून चिखल बाहेर आला. ड्राइव्ह हलवली की आत पाणी खळखळायचं.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हे सगळ्यांना पाठ आहे. ‘घराबाहेर’ला कुणी विचारत नाही. माझी एक ड्राइव्ह आता रत्नागिरीला मेहुण्याकडे असते. दर दोन महिन्यांनी अदलाबदल. इमेज की फाइली, हे नंतर ठरवा.

पानजुळणी_कोल्हापूर
‘विंडोज काय, परत टाकता येतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या दुकानात यावं. १९९८ पासून डीटीपी (कॉम्प्युटरवर पानांची जुळणी) करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गावजत्रांच्या स्मरणिका, दोन दिवाळी अंक. जुनं सगळं पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी फॉन्टमध्ये. ते मशीन जुन्या विंडोज एक्सपीचं, ८० जीबीची चपट्या केबलची डिस्क, मागे प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय फॉन्टचं सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली. फाइली ओढून नव्या मशीनवर नेल्या तर उघडायला पेजमेकर नाही. उघडलंच तर ‘अध्यक्षीय मनोगत’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. फॉन्ट, कीबोर्डचा ड्रायव्हर, डोंगल, सगळं एकत्र असेल तरच ते मराठी दिसतं. माझ्यासाठी ते मशीन हीच फाइल आहे. ते मशीन गेलं तर वीसेक वर्षांचं काम जाईल, आणि डिस्क आता मधूनच टक्‌ टक्‌ वाजते.

युनिकोडाग्रही
राग येईल, पण हे दुखणं स्वतः ओढवून घेतलंय. मराठीसाठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसण्याची पद्धत, ‘विंडोज २०००’ पासून आहे. वीस वर्षं सगळे कानीकपाळी ओरडत होते. डीटीपीवाल्यांनी ऐकलं नाही, आणि आज मराठीतलं कितीतरी छापील साहित्य शोधता येत नाही, अंधांच्या वाचकयंत्राला वाचता येत नाही. इमेज काढून हा कचरा जपण्यापेक्षा कन्व्हर्टर लावा आणि मोकळे व्हा.

पानजुळणी_कोल्हापूर
कचरा? त्या कचऱ्यात माझ्या वडिलांनी जुळवलेला गावच्या वाचनालयाच्या शताब्दीचा अंक आहे. तुम्ही तेव्हा पेजमेकरमध्ये युनिकोड चालवून दाखवायचं होतं. चालत नव्हतंच. २००१ च्या ७.० नंतर नवी आवृत्तीही आली नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी पाचला पत्रिका मागतं, छपाईवाला श्रीलिपीचीच फाइल मागतो, तिथे तुमचा आग्रह घेऊन काय करू? आणि कन्व्हर्टर मी लावून पाहिलाय. जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘सुऱ्या’च्या ‘सुर्या’ झाल्या तर दोनशे पानं कोण तपासणार? तुम्ही?

युनिकोडाग्रही
‘कचरा’ हा शब्द मागे घेतो. तो चुकला. बाकीचं मागे घेत नाही. पुढचा अंक तरी युनिकोडमध्ये करा.

पानजुळणी_कोल्हापूर
गेली सात वर्षं नवी कामं युनिकोडमध्येच करतो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

जुना_ट्रान्झिस्टर
पानजुळणी, तुमच्या बाबतीत इमेज हवी, हे मी मान्य करतो. विंडोज परत टाकून तुमचं भागणार नाही. मी हिशेब ठेवणाऱ्यांचा आणि तुमच्यासारख्यांचा विचार केला नव्हता. पण नुसती इमेज घेऊन काय होणार? एक्सपीचं मशीन मेल्यावर ती उतरवणार कुठे?

रात्रपाळी_नाशिक
अगदी बरोबर प्रश्न, काका. आणि पानजुळणी, ती टक्‌ टक्‌ ऐकून आधी एक करा: ते मशीन चालू करू नका. डिस्क बाहेर काढा, आयडीईचा (त्या चपट्या केबलच्या जोडणीचा) यूएसबी कनेक्टर आणा, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, आणि दुसऱ्या मशीनवरून, लिनक्सच्या पेनड्राइव्हवर बूट करून, डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कसाठीच्या साधनाने इमेज घ्या. ते आधी सरळ वाचता येणारा भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवतं. किती वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइलही जपून ठेवा, मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे चालू होतं. मूळ आणि लक्ष्य नीट बघा, ताईंनी वर लिहिलंय ते डोळ्यांसमोर ठेवून.

मग ती इमेज व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवता येते. पहिल्यांदा विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा येण्याची शक्यता दाट, कारण एक्सपीला डिस्क जोडणारा कंट्रोलर बदललेला आवडत नाही. म्हणून कंट्रोलर आयडीईच ठेवा. अॅक्टिव्हेशनही परत मागेल. इंटरनेट त्याला अजिबात देऊ नका, एक्सपीच्या नियमित दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ लाच थांबल्या.

पानजुळणी_कोल्हापूर
आणि डोंगल?

रात्रपाळी_नाशिक
यूएसबीचं असतं तर व्हर्च्युअल मशीनला सरळ जोडता आलं असतं. तुमचं प्रिंटर पोर्टचं, तिथे अडणार. फॉन्ट कंपनीला डोंगल बदलून मिळतं का, ते विचारा. तोवर मूळ मशीनचा मदरबोर्ड टाकू नका. इमेज दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून त्याच मशीनमध्ये लावली तर डोंगलचा प्रश्नच येत नाही.

युनिकोडाग्रही
मशीन चालू झालं की प्रत्येक अंकाची पीडीएफ आधी काढून घ्या, फॉन्ट आत घालून. फॉन्ट असो-नसो, पान तरी दिसेल. आणि वाचनालयाच्या अंकाचं युनिकोड तपासायला मी बसतो. दोनशे पानं. ‘ऱ्य’सकट.

पानजुळणी_कोल्हापूर
बघू. पन्नास पानं आधी पाठवतो, त्यात किती चुका निघतात ते कळेल.

दोन_मुलींची_आई
माझं मत बदललेलं नाही. पण गुरुवारच्या ड्राइव्हची दुसरी प्रत आता माहेरी ठेवणार आहे. वाशिष्ठीकाठ, तुमच्यामुळे.

पानजुळणी_कोल्हापूर
सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा डिस्क काढतो. इमेज ठेवायला माझ्याकडे ५०० जीबीची एक्स्टर्नल आहे. पुरेल ना?

रात्रपाळी_नाशिक
८० जीबीला भरपूर. फक्त तिचं फॉर्मॅट आधी बघा. एफएटी३२ असेल तर चार जीबीच्या पुढची फाइल घेणार नाही. आत काही असेल तर ते दुसरीकडे हलवा आणि एनटीएफएस करा. सोमवारी मी दुपारी घरीच आहे, अडलं तर इथेच लिहा.