जुनी स्पोर्ट्स कार घेताना रनिंग किती चालतं? १९ हजार की ६८ हजार?

रंकाळा_वेस
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. दोन सीटची गाडी घ्यायचं लई दिवस डोक्यात आहे, नवीन परवडत नाही म्हणून जुनी बीएमडब्ल्यू झेड फोर बघतोय, पस्तीस आय, तीन लिटर ट्विन टर्बोवाली. दोन गाड्या हाताशी आल्यात. एक बेंगळुरूची, २०१२ ची, मीटरवर १९ हजार, दुसरा ओनर, एजंट म्हणतोय साहेब शोरूम कंडिशन, नुसती झाकून ठेवलेली गाडी. दुसरी पुण्याची, ती पण २०१२ चीच पण ६८ हजार झालेत, पहिल्या मालकाकडंच आहे आणि त्या माणसानं सर्व्हिसचं एक न एक बिल फाइलला लावून ठेवलंय. पुण्याची साडेचार लाखांनी स्वस्त पडते. आमचे वडील म्हणतात ६८ म्हणजे गाडी पिळून काढलेली, १९ वालीच घे. मित्र बरोबर उलटं सांगतात. अशा गाडीला किती रनिंग म्हणजे जास्त धरायचं? वापर म्हणाल तर रविवारी सकाळी पन्हाळा-जोतिबा आणि कधीतरी गोवा, रोज हापिसला नेणार नाही.

उद्यमनगर_पाना
भावा, आधी भागाकार कर की. २०१२ पास्नं १९ हजार म्हंजे महिन्याला शे-सव्वाशे किलोमीटर. म्हंजे गाडी चाललीच न्हाय, उभी हाय. आन उभ्या गाडीचं मीटर थांबतंय, वय थांबत न्हाय. रबरी पाइप वाळत्यात, सील कडक हुत्यात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतंय, त्ये गाडी चालू दे न्हायतर झाकून ठेव दोन वर्सानं बदलायलाच लागतंय. पेट्रोलमधी आता वीस टक्के इथेनॉल, त्ये पण पाणी धरतंय, महिनोनमहिने टाकीत पडलं की पंपाची वाट. (इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं, त्येला नावं ठेवून चालायचं न्हाय म्हणा.)

आता ६८ वालीचं. ह्या इंजिनाची दुखणी सगळ्यास्नी म्हाईत हैत. पाण्याचा पंप इलेक्ट्रिक हाय, त्यो जाताना सांगून जात न्हाय, चालता चालता टेंपरेचरचा लाल दिवा आन गाडी रस्त्याकडंला. हाय प्रेशर फ्यूल पंप, इंजेक्टर, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट, ही सगळी कामं कधी ना कधी निघणारच. तर फाइल उघडून ह्यातलं काय काय झालंय त्येवढं बघ. पंप, इंजेक्टर बदलल्याली बिलं असली तर ६८ हजार ही चांगली गोष्ट, त्या मालकानं तुजं पैसं वाचवल्यात. न्हाय झालं तर त्येवढं किमतीतनं काप. १९ वालीत ह्यातलं काहीच झालं नसणार, समदं तुज्या नावावर निघणार.

मीटर_बघून_ठरवू
वरच्या दादांशी सहमत, पण मुळात ते १९ हजार खरेच आहेत कशावरून? मीटर मागं घेणं आता लॅपटॉपचं काम आहे, पण गाडीत आकडा एकाच जागी नसतो, इतर मॉड्यूलमध्ये (गाडीतले बाकीचे छोटे कॉम्प्युटर) पण राहतो. बीएमडब्ल्यूचं स्कॅनर असलेला माणूस सोबत ने. या गाड्यांच्या फॉल्ट मेमरीत एरर कितव्या किलोमीटरला आला ते लिहिलेलं असतं. मीटरवर १९ आणि एरर ४७ हजाराला आलेला दिसला की विषय संपला. चावीत पण रनिंग सेव्ह होतं, कंपनीच्या सर्व्हिसवाले वाचून देतात.

स्कॅनर नाही मिळाला तरी टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा. आता गंमत बघ, १९ हजारात टायर पहिलेच निघाले तर आकडा खरा असू शकतो पण ते टायर दहा वर्षांच्या वरचे, नक्षी कितीही भरलेली दिसू दे फेकायचेच, आणि ही गाडी रनफ्लॅट टायरवर येते (पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालणारे), स्टेपनी नाही, त्यामुळं सेट स्वस्तात येत नाही. मागचे टायर दोनदा बदललेले निघाले तर मग एजंटला विचार की झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर खाल्ले कुणी? शिवाय ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड, स्टीअरिंगचं चामडं आणि ब्रेक पेडलचं रबर हाताने चाचपून बघ, पॉलिशनं चमक येते पण घासलेलं भरून येत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
सगळेच ६८ च्या बाजूनं बोलायला लागलेत म्हणून जरा आडवं बोलतो. रनिंगला काहीच अर्थ नाही असं पण नसतं. सस्पेन्शनचे बुश, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, टर्बो ही किलोमीटरनंच झिजतात, आणि आपल्या रस्त्यांवर तर जास्तच. आणि उद्या तू विकायला काढशील तेव्हा समोर येणारा गिऱ्हाईक तुझ्या वडिलांसारखाच असणार, फाइल उघडायच्या आधी मीटर बघणार. तू दोन-तीन वर्षं चालवलीस की ८० च्या पुढं जाणार, तिथं भाव एकदम पडतो. म्हणून साडेचार लाखांवर थांबू नको, अजून घासाघीस कर. माझ्या मते अशा गाडीला वर्षाला तीन ते सहा हजार हे निरोगी रनिंग, बिलं असतील तर त्याच्या वर पण चालतं, हजाराच्या आसपास असेल तर मात्र मलाच भीती वाटते.

आणि दोन गोष्टी कुणी बोललंच नाही. बेंगळुरूची घेतलीस तर एनओसी, इथला रोड टॅक्स परत भरायचा, तिकडचा रिफंड मागत बसायचं, हे सगळं धरून फरक साडेचार लाखांचा राहत नाही, वाढतो. दुसरं, दोन्ही २०१२ च्या आहेत, म्हणजे रजिस्ट्रेशनची १५ वर्षं २०२७ मध्ये संपतात, फिटनेस करून पुढं पाच वर्षं वाढवून घ्यावं लागणार. गाडी कुठलीही घे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला चिखलाची रेघ दिसली तर हात जोडून निघायचं. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे सांगायला नको खरं.

रंकाळा_वेस
सगळ्यांचे आभार. बेंगळुरूच्या एजंटला स्कॅनरचं विचारलं तर म्हणाला साहेब एवढा संशय असेल तर गाडी घेऊच नका. बरं, नाही घेत. रविवारी पुण्याला चाललोय. तिथं चालवून काय बघू?

उद्यमनगर_पाना
मालकाला सांगून ठेव, मी आल्याबिगर गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर दोन तास च्या-पाणी करून परत ये. थंड इंजिन चालू कर, आवाज ऐक. मग चांगली अर्धा तास चालव, एखांदा घाट चढव, आन ॲक्सिलरेटर सोडल्यावर खडखड येतीया का बघ, त्यो टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हंजे जादा धूर बाजूला सोडणाऱ्या झडपेचा आवाज.

मीटर_बघून_ठरवू
आणि रूफ दोन-तीनदा उघडझाप करून बघ, पत्र्याचं फोल्डिंग छप्पर आहे, हायड्रॉलिक गेलं तर खर्च मोठा. डिकीतला पार्टिशनचा पडदा खाली ओढून लावलेला नसेल तर ते उघडतच नाही, त्यामुळं मालक म्हणाला आज रूफ चालत नाहीये तर आधी डिकी उघडून तो पडदा स्वतः लाव.