रिपीटर घेण्याआधी जुना राऊटर कामाला लावा
आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हटलं की रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) घ्यायचा सल्ला मिळतो, पण त्या खोलीत रेंजच नसेल तर तिथे तो लावून उपयोग नाही. मिळेल तोच सिग्नल तो पुढे पाठवतो, आणि एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालणारा स्वस्तातला असेल तर वेग जवळपास निम्मा होतो.

आधी राऊटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा. घराच्या मध्यावर, उंचावर, फ्रिज आणि लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचाच बँड वापरा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असला तरी भिंतींपुढे टिकत नाही.

तरी भागलं नाही तर माळ्यावर पडलेला जुना राऊटर काढा, हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्याच्या सेटिंगमध्ये आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदला (मुख्य राऊटरचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मुख्य राऊटरपासून आणलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटची तार लावायच्या) नव्हे, लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये लावा. वाय-फायचं नाव-पासवर्ड मुख्य राऊटरचंच ठेवा, म्हणजे फोन आपोआप जोडला जाईल. कॅट-५ई प्रकारची नेटवर्क केबल पुरते, पण पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल दाराच्या कोपऱ्यात वाकवली की आतून तुटू शकते.