नांद्रुकाच्या खोडावरचा फुगवटा: करवत, गुटी की पारंब्या?

मातीकुंडी (पुणे):
माझ्याकडे नांद्रुकाचे (वडाच्या वर्गातले झाड) बोन्साय आहे. त्याचा बुंधा मातीलगत 2 इंच जाड आहे; मात्र 6 इंच उंचीवर, जिथे एकाच जागी चार-पाच फांद्या फुटल्या होत्या, तिथे तो 3 इंचांपर्यंत फुगला आहे. बोन्सायचे खोड खालून वर निमुळते व्हावे असे मानतात, म्हणून हा दोष ठरतो. फुगवट्याच्या वरचे खोड मात्र चांगले वळणदार आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सांगितले, "सदोष खोडाला एकच उपाय असतो. फुगवट्याखाली करवत लावा आणि पुन्हा सुरुवात करा." दुसरा मार्ग खरोखरच नाही का?

सालपापुद्रा (ठाणे):
"एकच उपाय" हे शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फुगवट्याखाली कापले, तर आपल्या हाती 2 इंच जाडीचा एक सरळ खुंट उरेल आणि वर्षानुवर्षे जोपासलेला वरचा वळणदार भाग कचऱ्यात जाईल. दोष खालच्या भागाच्या बारीकपणात आहे आणि चांगले जे काही आहे ते वर आहे; मग चांगलेच का टाकायचे? याच फुगवट्यावर गुटी बांधली, म्हणजे साल काढून तिथेच मुळे फोडली आणि मग वरचा भाग वेगळा लावला, तर आज जो दोष दिसतो तोच नव्या झाडाचा रुंद बुंधा होईल.

त्यासाठी सालीचा वरचा काप फुगवट्याच्या सर्वांत रुंद जागी घ्यावा, कारण पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना त्या कापाशी अडते आणि मुळे वरच्याच कडेतून फुटतात. खोडाच्या जाडीएवढी रुंद पट्टी काढून आतला ओला थर खरवडून टाकावा. तो राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळे येतच नाहीत. चीक थांबला की पुसून घ्यावा, वरच्या कडेला मुळे फुटण्याची पूड लावावी आणि भिजवून पिळलेले स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारे शेवाळ) प्लास्टिकने घट्ट बांधावे. जूनमध्ये हे केले, तर नांद्रुकाला मुळे यायला साधारण एक-दोन महिने पुरतात.

करवत (नाशिक):
ज्यांच्यावर हा रोख आहे तो सदस्य मीच आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. गुटीचे वर्णन उत्तम आहे, पण प्रश्नातील एक वाक्य आपण वाचलेलेच दिसत नाही. फुगवटा चार-पाच फांद्यांमुळे आला आहे. त्या फांद्या कापल्या की त्यांचे व्रण नव्या झाडाच्या मुळांच्या लगेच वर, म्हणजे पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते नेमक्या तिथेच दिसणार. त्याचे काय करणार?

आणि छाटणी म्हणजे अडाण्याचे काम, असा जो सूर आपण लावला आहे, तो मला मान्य नाही. कुंडीतली झाडे घडवण्याची चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील लिंगनान परंपरा याच पद्धतीवर उभी आहे: फुटवा मोकळा वाढू द्यायचा, हवी ती जाडी आली की तोडायचा, त्याच्या टोकाकडून पुढचा फुटवा घ्यायचा. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बारीक होत जातो आणि खोडाला खरा निमुळतेपणा येतो. नांद्रुक जुन्या लाकडावरही सहज फुटतो, म्हणूनच मी हा सल्ला दिला. गुटीने वेळ वाचतो, पण घाईने तयार केलेले झाड मला आजवर समाधान देऊ शकलेले नाही.

सालपापुद्रा:
व्रणांचा मुद्दा रास्त आहे, तेवढा मान्य करतो. वरचा काप अर्धा इंच वर घेतला, तर बहुतेक व्रण मातीखाली जातील. एखादी फांदी राखून जोडखोडाची रचनाही करता येईल. परंतु कुंडीतल्या खुंटावर नवा शेंडा जाड व्हायला किती काळ लागतो, हे आपण सांगितलेच नाही. लिंगनान पद्धतीला जमीन, भरपूर ऊन आणि दीर्घ आयुष्य लागते. पुण्यातल्या सदनिकेच्या गच्चीवर यांपैकी फारच थोडे मिळते.

जुनिपर_वेडा (बंगळूर):
फुगवटा कोरून काढावा आणि तिथे जुन्या मृत लाकडाचा आभास निर्माण करावा. जुनिपर या सूचिपर्णी झाडावर हे किती देखणे दिसते!

गच्चीवरचे_रान (रत्नागिरी):
जुनिपरचे लाकूड राळयुक्त आणि टिकाऊ असते. नांद्रुकाचे लाकूड मऊ असते. आमच्या पावसाळ्यात ते कुजते आणि कूज आतपर्यंत जाते. कृपया नवशिक्यांना हा सल्ला देऊ नये.

मला या सगळ्या चर्चेतच एक मूलभूत खटकणारी गोष्ट दिसते. खोड खालून वर निमुळते होत गेले पाहिजे, हा दंडक जपानमध्ये प्रामुख्याने पाइन आणि जुनिपर पाहून घडला. आपल्या वडाकडे कोणी पाहिले आहे का? हावडा येथील शिवपूरच्या उद्यानातील महावटाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे 1925 साली काढून टाकावे लागले, तरी ते झाड पारंब्यांच्या आधारावर आजही पसरते आहे. वडवर्गाचे सौंदर्य एका खोडाच्या मापात मावत नाही. फुगवट्यातून पारंब्या उतरवा, त्या मातीत रुजू द्या आणि बुंध्याला चिकटवून बांधा. काही काळाने त्या एकजीव होतात आणि खालचा बारीकपणा आपोआप भरून निघतो. न कापता, न कोरता.

उन्हाळी_कुंडी (सोलापूर):
रत्नागिरीत बसून हे सांगणे फार सोपे आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की पारंबीचे टोक बाहेर येताच वाळते. नळीत मॉस भरून, प्लास्टिक गुंडाळून केलेले सर्व प्रयत्न माझ्या गच्चीवर निष्फळ ठरले आहेत. शिवाय वड म्हणजे नांद्रुक नव्हे. नांद्रुकाच्या पारंब्या बहुधा केसांसारख्या झुबक्यांनी लोंबतात आणि खांब होईपर्यंत फार क्वचित टिकतात. कोकणातील सदस्य आपल्या हवेला सार्वत्रिक नियम समजतात, ही तक्रार मी पूर्वीही केली होती.

गच्चीवरचे_रान:
हवेवरून टोमणे मारण्याची आवश्यकता नव्हती. प्रश्न पुण्याचा आहे, सोलापूरचा नाही. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने पुरेसा दमटपणा असतो आणि त्या काळात उतरलेली पारंबी एकदा मातीला टेकली की पुढे कोरड्या हवेतही जगते.

उन्हाळी_कुंडी:
टेकली तर जगते, हे खरे. ती टेकेपर्यंतच सारा प्रश्न आहे.

मातीकुंडी:
कोरण्याचा विचार मी सोडला आहे. पारंब्यांची कल्पना मनाला भावते, पण माझ्या गच्चीवर दिवसभर वारा असतो. वरचे वळण गमावण्याची माझी तयारी नाही, त्यामुळे गुटीकडे कल आहे.

करवत:
ठीक आहे, गुटी बांधा. माझे मत बदललेले नाही, पण वरच्या वळणावर आपला जीव आहे हे कळले. दोन गोष्टी मात्र पाळा. पांढरी मुळे दिसली म्हणून लगेच तोडू नका. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळे फुटू द्या. आणि गुटी उतरवल्यानंतर खाली जो खुंट राहील तो टाकू नका. कापावर बुरशीनाशक लावा, कुंडी उन्हात ठेवा आणि फुटवे येऊ द्या. मी सुचवले होते तेच झाड तुमच्याकडे आपोआप तयार झालेले असेल. त्याचा पहिला शेंडा कोणता राखायचा, ते छायाचित्र पाहून मी सांगेन.