मोटरहोमच्या प्रवासाला फोन पुरेसा आहे, की स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे?

एडिसनकर

येत्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार आहेत. त्यांना घेऊन न्यू जर्सीतून शेनान्डोआ आणि पुढे ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानांचा दहा दिवसांचा प्रवास मोटरहोमने करायचे आम्ही ठरवले आहे. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला पथ्याचे जेवण स्वतः करून घ्यावे लागते, म्हणून स्वयंपाकघर आणि शौचालय बरोबर असलेली गाडीच आम्हाला योग्य वाटली. भाड्याने ठरवलेली गाडी २८ फूट लांब असून कागदावर तिची उंची १२ फूट लिहिली आहे. एवढी मोठी गाडी मी आजवर चालवलेली नाही. पहिला मुक्काम बाल्टिमोरच्या पलीकडे, कोलंबियात मावसबहिणीकडे आहे.

काही परिचितांनी मोटरहोमसाठी मिळणारे स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्या, असे सुचवले आहे. चांगल्या यंत्राला पाचशे डॉलरच्या आसपास पडतात. दहा दिवसांसाठी एवढा खर्च मला पटत नाही, कारण खिशातला फोन रोज बिनचूक रस्ता दाखवतो. ज्यांनी स्वतः अशा गाड्या चालवल्या आहेत त्यांचे मत हवे आहे.

चाकांवरचे घर

आमच्याकडे ३० फुटी मोटरहोम सहा वर्षे आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: यंत्र घ्या. फोन तुम्हाला रोज बिनचूक रस्ता दाखवतो, कारण तुम्ही रोज मोटारीतून जाता. मोटारीसाठी योग्य असलेला रस्ता १२ फूट उंचीच्या गाडीसाठी योग्य असेलच असे नाही, आणि तुमची गाडी किती उंच आहे हे गुगल मॅप्स किंवा ॲपलचा नकाशा तुम्हाला विचारतच नाही. टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरीबोट टाळा, एवढेच तुम्ही त्याला सांगू शकता. गार्मिन कंपनीच्या आरव्ही (म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांच्या) मालिकेतल्या यंत्रात मात्र उंची, लांबी, रुंदी, वजन आणि प्रोपेन गॅसच्या टाक्या ही माहिती सुरुवातीलाच भरायची असते, आणि नंतरचा प्रत्येक रस्ता त्या मापांना धरून काढला जातो.

पहिल्या वर्षी आम्हीही फोनवरच विसंबलो होतो. कनेक्टिकटमध्ये फोनने आम्हाला मेरिट पार्कवेवर जायला सांगितले. हा रस्ता १९३० च्या दशकात केवळ मोटारींसाठी बांधलेला आहे, त्याच्यावरचे पूल ठेंगणे आहेत, आणि ट्रक, बस, ट्रेलर व मोटरहोम यांना तिथे मनाई आहे. प्रवेशाच्या वळणावर आल्यावर पत्नीने पाटी वाचली. मी गाडी तिथेच थांबवली, मागे वाहनांची रांग लागली, आणि पोलिसांनी वाहतूक अडवून आम्हाला उलटे बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. मुले मागे बसून रडत होती. पाटी नजरेतून निसटली असती तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या मार्गात तर बाल्टिमोर आहे. आय-९५ (‘आय’ म्हणजे आंतरराज्य महामार्ग) वरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-८९५ वरचा हार्बर बोगदा, या दोन्हींतून १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. अंगणातल्या ग्रिलची साधी टाकीसुद्धा २० पौंडांची असते. तुमच्या गाडीतली तिच्याहून मोठी असणार. फोन तुम्हाला सरळ त्या बोगद्याच्या तोंडाशी नेऊन सोडेल.

नकाशावेडा

बोगद्यांची माहिती अचूक आहे, पण उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. प्रोपेन असलेल्या गाड्यांनी वर्षानुवर्षे ते बोगदे टाळून आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाने बंदर ओलांडले. १९७७ मध्ये सुरू झालेला तो पूल २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाजाची धडक बसून कोसळला. ज्या यंत्राचा नकाशा त्याआधीचा होता, ते यंत्र त्या दिवशी दुपारी प्रोपेनवाल्या गाड्यांना अस्तित्वात नसलेल्या पुलाकडे पाठवत होते. फोनवरच्या नकाशाने तो रस्ता लगेच बंद दाखवला. आजही नवा पूल झालेला नाही, आणि योग्य मार्ग आय-६९५ च्या पश्चिमेकडच्या अर्ध्या वळशाने जातो.

हा अपवादही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने टेनेसीच्या सीमेजवळ आय-४० चा भाग नदीत वाहून गेला, आणि १ मार्च २०२५ रोजी तो रस्ता खुला झाला तेव्हाही प्रत्येक दिशेला एकच मार्गिका मिळाली. एडिसनकर ज्या डोंगरांत निघाले आहेत तिथलीच ही गोष्ट आहे. यंत्राचे नकाशे अद्ययावत करण्यासाठी ते घरी नेऊन वायफायला जोडावे लागते, तासभर थांबावे लागते, आणि बहुतेक लोक हे काम वर्षातून एकदाही करत नाहीत. आजूबाजूला चौकशी केली की माझे म्हणणे पटेल.

आता मूळ मुद्दा. चाकांवरचे घर यांनी फोनची तुलना यंत्राशी केली, पण त्यांची खरी तक्रार मोटारींसाठीच्या नकाशाबद्दल आहे, फोनबद्दल नाही. आरव्ही लाइफ, कोपायलट, सिजिक यांची मोटरहोमसाठीची ॲप फोनवर मिळतात, तीही गाडीची मापे विचारतात आणि ठेंगणे पूल टाळून रस्ता काढतात. काही महिन्यांच्या किंवा वर्षाच्या वर्गणीत काम होते. जी समज पाचशे डॉलरच्या खोक्यात आहे ती हातातल्या फोनमध्ये येत असेल, तर खोके कशासाठी घ्यायचे?

शेवटी एका गैरसमजाबद्दल लिहितो, कारण तो फार पसरलेला आहे. रेंज गेली की फोनचे जीपीएस बंद पडते असे अनेकांना वाटते. तसे नसते. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि फोन तो संकेत यंत्राप्रमाणेच थेट घेतो. रेंजबरोबर जातो तो नकाशा आणि वाहतुकीची ताजी माहिती, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असेल तर तोही जात नाही.

चाकांवरचे घर

ॲपचा मुद्दा मला मान्य आहे; पहिल्या प्रतिसादात मी त्याचा उल्लेख करायला हवा होता. तरीही खोके कशासाठी, याला उत्तर आहे.

मोटरहोमची पुढची काच प्रचंड असते आणि दुपारी ऊन थेट डॅशबोर्डवर येते. आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे ॲपल स्वतः सांगते. काचेला लावलेला, चार्ज होत असलेला आणि अखंड नकाशा दाखवणारा फोन तापला की आधी त्याचा उजेड मंदावतो आणि मग तो थंड होईपर्यंत कामच करत नाही. माझ्या बाबतीत हे युटाहमध्ये दोनदा घडले आहे. यंत्र या जागेसाठीच घडवलेले असते. त्याचा पडदा आठ इंचांचा असतो आणि चालवताना मान न वळवता दिसतो. शिवाय फोन हा फोनही असतो. पुण्याहून काकांचा फोन येतो, आईला तो घ्यायचा असतो, आणि नेमके त्याच वेळी डावीकडे वळायचे असते.

ताज्या माहितीवरही किती विसंबावे हे सांगतो. जून २०१९ मध्ये डेन्व्हर विमानतळाच्या रस्त्यावर अपघात झाला, तेव्हा गुगल मॅप्सने पर्यायी मार्ग म्हणून लोकांना शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर पाठवले. पाऊस होऊन गेलेला होता आणि सुमारे शंभर मोटारी चिखलात अडकल्या. वेळ वाचवण्यासाठी आयत्या वेळी मार्ग बदलणे हा मोटारीचा फायदा असेल, पण २८ फुटी गाडीसाठी तो धोकाच आहे. तिला मागे फिरायला जागा लागते.

मुक्कामपोस्ट

निवृत्तीनंतर आम्ही दोघे वर्षातले आठ महिने मोटरहोममध्ये राहतो. हे चालवतात आणि रस्ता मी सांगते. वरचे दोन्ही प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: पुलांच्या उंचीची माहिती पूर्ण आहे आणि ती फक्त योग्य ठिकाणाहून घ्यायची आहे. माझा अनुभव तसा नाही. आंतरराज्य महामार्गांवर ती चांगली असते. काउंटीच्या लहान रस्त्यांवर, जुन्या रेल्वेपुलांखाली किंवा डांबराचा नवा थर चढून पाटीवरच्या उंचीतले दोन-तीन इंच कमी झालेल्या जागी ती तुटपुंजी असते, मग पडदा आठ इंचांचा असो की सहा इंचांचा.

पाटी असूनही माणसे वाचत नाहीत हेही खरे आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहममध्ये ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल होता. त्याच्या आधी पाट्या होत्या, दिवे होते, उंच गाडी आली की इशारा देणारी व्यवस्था होती, आणि तरीही २००८ पासून लावलेल्या कॅमेऱ्यांनी शंभराहून अधिक गाड्यांची छपरे सोलली जाताना टिपली. त्यांत भाड्याचे ट्रक बरेच होते, म्हणजे आपल्या गाडीची उंची अंगवळणी न पडलेले चालक. २०१९ मध्ये पूल आठ इंच उचलला, त्यानंतरही गाड्या आदळतच आहेत.

म्हणून एडिसनकर, माझी पहिली विनंती अशी की गाडी ताब्यात घेण्याआधी टेप घेऊन जा आणि छपरावरच्या एसीच्या झाकणापर्यंत, अँटेनापर्यंत उंची स्वतः मोजा. कागदावरचे १२ फूट कुठपर्यंतचे आहेत हे कंपनीतल्या मुलालाही ठाऊक नसते. जो आकडा येईल तो मोठ्या अक्षरांत लिहून चालकासमोर चिकटवा. शेनान्डोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगदा आहे, त्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. स्मोकीमध्ये गॅटलिनबर्गजवळच्या रोअरिंग फोर्क रस्त्यावर मोटरहोमला मनाईच आहे, आणि उद्यानात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

दुसरी विनंती, छापील नकाशा समोर पसरून दहा मिनिटे बघा. एडिसनहून शेनान्डोआला जायला बाल्टिमोर लागतच नाही. आय-२८७ ने आय-७८ गाठा, ॲलनटाउनवरून पश्चिमेला जा, हॅरिसबर्गच्या अलीकडे आय-८१ लागेल, तो हेगर्सटाउन आणि विंचेस्टरवरून थेट खाली व्हर्जिनियात उतरतो. ट्रक याच मार्गाने जातात. बहिणीकडे परतीनंतर मोटारीने जा. आई-बाबांनाही तो प्रवास सोपा जाईल.

नकाशावेडा

मुक्कामपोस्ट यांनी सुचवलेला मार्ग दोन्ही साधनांच्या आधी माझ्या लक्षात यायला हवा होता. मोजमापाबद्दलही मतभेद नाही. पण छापील नकाशा आय-४० वाहून गेल्याचे सांगत नाही, एवढी नोंद मी करून ठेवतो.

एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. आज भाड्याच्या गाड्यांच्या आवारात जाऊन आलो आणि टेपने उंची मोजली. एसीच्या झाकणापर्यंत १२ फूट २ इंच भरली. म्हणजे मेरीज रॉक बोगद्यात सहाच इंच उरतात, आणि बोगद्याचे छत कमानीसारखे असल्यामुळे कडेला तेवढेही उरणार नाहीत. पहिल्याच मोठ्या गाडीत, आई-बाबा मागे बसलेले असताना, ही परीक्षा मला द्यायची नाही. नकाशा पाहिल्यावर लक्षात आले की आय-८१ ने हॅरिसनबर्गपर्यंत खाली जाऊन रूट ३३ ने स्विफ्ट रन गॅपला चढलो, तर दक्षिणेकडून बिग मेडोजच्या मुक्कामाला पोचता येते आणि बोगदा वाटेत येतच नाही. त्याच वाटेने परत उतरून टेनेसीकडे निघू. मावसबहिणीला कळवले आहे. ती रागावली नाही.

मोटरहोमसाठीचे एक ॲप घेतो आणि घरातला जुना आयपॅड त्यासाठी वापरतो. पडदा मोठा मिळेल, फोन मोकळा राहील आणि खर्चही वाचेल.

चाकांवरचे घर

आयपॅड फक्त वायफायचा आहे का, हे आधी तपासा. ज्या आयपॅडला मोबाइल जोडणी नसते त्यात जीपीएस नसते. घरात तो तुमचे ठिकाण दाखवतो ते आजूबाजूच्या वायफायवरून. डोंगरात तो काहीच दाखवणार नाही.

एडिसनकर

तपासले. आयपॅड वायफायचाच आहे. हे वेळेवर सांगितलेत, नाहीतर थेट ब्लू रिज डोंगरांच्या घाटात कळले असते.

मग असे करतो. ॲप पत्नीच्या फोनवर घेतो, व्हर्जिनिया आणि टेनेसीचे नकाशे घरीच उतरवतो, आणि तो फोन एसीच्या झोताजवळ लावतो म्हणजे तापणार नाही. तो फोन दहा दिवस कोणीही दुसऱ्या कामासाठी घेणार नाही. माझा फोन पत्नीच्या हातात राहील आणि त्यावर ती रोज सकाळी रस्ते बंद आहेत का एवढेच बघेल. बाबा पुण्यात पस्तीस वर्षे बांधकाम खात्यात होते आणि छापील नकाशा वाचणे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते, म्हणून पुढची दुसरी जागा त्यांना देतो. काचेवर चिकटवायच्या कागदावर १२ फूट ३ इंच लिहिले आहे, एक इंच माझ्याकडून जादा.

चाकांवरचे घर

मी असतो तर तरीही यंत्र घेतले असते. पण दुसऱ्या जागेवर नकाशा वाचणारा माणूस असेल, तर या प्रवासापुरता माझा आग्रह मी मागे घेतो. परत आल्यावर रूट ३३ च्या चढाबद्दल अवश्य लिहा. तिकडून मी गेलेलो नाही.