भूखंडांचे वाद: दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असावी का?

धागाकर्ता, बेसा:
नागपूरच्या बेसा, हुडकेश्वर या भागांतील ले-आउटच्या भूखंडांवरून होणारे वाद दिवाणी न्यायालयात नेण्याआधी उभय पक्षांना मध्यस्थापुढे बसणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर व्यापारी दाव्यांना हे बंधन 2018 पासून लागू आहे आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवले. मग जन्माची पुंजी एका प्लॉटात घालणाऱ्या कुटुंबासाठीच 2023 चा मध्यस्थता कायदा ही गोष्ट मर्जीवर का सोडतो? हद्दीचा, सामाईक रस्त्याचा किंवा भावाभावांतील वाटणीचा वाद निकालाने संपला तरी माणसे एकमेकांच्या शेजारीच राहतात. शेतजमिनीबाबत शासनाने हे ओळखले आहे. 2023 च्या सलोखा योजनेत एकमेकांची जमीन किमान 12 वर्षे ताब्यात असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी प्रत्येकी 1000 रुपयेच ठेवली. घरांच्या भूखंडांना अशी सवलत नाही.

प्रतिसाद, दिवाणी वकील:
सक्तीला माझा विरोध आहे. नागपूरच्या गुंठेवारी (शेतजमिनीचे परवानगीविना पाडलेले छोटे भूखंड) ले-आउटांतील वाद पुष्कळदा दोन शेजाऱ्यांत नसतोच. मूळ शेतमालक, आममुखत्यार (मालकाच्या वतीने व्यवहार करणारा), गृहनिर्माण संस्था आणि खरेदीदार अशी साखळी असते आणि एकाच प्लॉटची दोन विक्रीपत्रे निघतात. ज्याने प्लॉट दोनदा विकला, तो मध्यस्थीला वेळ काढण्यासाठीच येईल. दावा प्रलंबित असताना झालेल्या विक्रीला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 चा लगाम असतो. दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीत तो नसतो, म्हणजे बैठका चालू असतानाच तिसरे विक्रीपत्र होऊ शकते. शिवाय ले-आउटमधील खुल्या जागेचा वाद विकासक आणि चार रहिवाशांनी आपसांत मिटवला, तरी मंजूर नकाशा त्यामुळे बदलत नाही आणि बैठकीला नसलेल्या प्लॉटधारकांचा हक्कही बुडत नाही. भूसंपादनाच्या मोबदल्याचे वाद तर 2023 च्या कायद्यानेच वगळले आहेत.

प्रतिसाद, सदनिकाधारक:
लवादाबद्दलही, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या व्यक्तीच्या बंधनकारक निवाड्याबद्दलही, बोलायला हवे, कारण बिल्डरच्या छापील करारनाम्यात लवादाचे कलम असते आणि सामान्य ग्राहक ते न वाचता सही करतो. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केले. महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) सलोखा मंच मला अधिक पटतो. त्यात विकासकांच्या संघटनेचा एक आणि ग्राहक संघटनेचा एक असे प्रतिनिधी एकत्र बसतात, आणि दोन्ही पक्षांची संमती असेल तरच प्रकरण तिथे जाते. ही संमती काढून घेतली, तर मंचावरचा विश्वासही जाईल.

धागाकर्ता:
सक्ती बसण्याची असावी, तडजोडीची नव्हे. सही करण्याचे दडपण कोणावरही नसावे. कलम 52 चा मुद्दा गंभीर आहे, आणि म्हणूनच व्यापारी दाव्यांप्रमाणे येथेही तातडीच्या मनाई हुकुमाची वाट मोकळी ठेवावी. दुबार विक्रीचा संशय असलेला खरेदीदार मग थेट न्यायालयात जाऊ शकेल.

दिवाणी वकील:
तसे केल्यास सक्ती मुख्यतः हद्दीच्या आणि वाटणीच्या वादांपुरती उरते. तेवढी मला चालेल, पण पहिल्या बैठकीआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी व्हावी आणि तिचे शुल्क दोन्ही पक्षांनी निम्मे निम्मे भरावे, अशी अट हवी. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष ताबा यांत किती फुटांचे अंतर आहे हेच ठाऊक नसेल, तर मध्यस्थापुढे दोन्ही बाजू आपापला अंदाजच मांडत राहतील.